सीमेपलीकडचे सहाध्यायी

न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला पर्चेस कॉलेज आहे. तिथे सिनेमा शिकवणारे जॉन रुबिन फुलब्राइट अभ्यासवृत्तीवर बेलारूसमध्ये शिकवून परतले आणि एका खटपटीला लागले. तिकडचे आणि इकडचे विद्यार्थी एकत्र काम करू लागले तर दोघांचीही पाहण्याची नजर बदलेल, असे त्यांना वाटत होते. पण अख्खा वर्ग विमानाने नेणे-आणणे कोणत्याही कॉलेजला परवडणारे नव्हते. मग त्यांनी एक अभ्यासक्रम बांधला. दोन देशांतले विद्यार्थी एकमेकांना न भेटता, इंटरनेटवरून चित्रफिती पाठवत, मिळून लघुपट करू लागले. यूट्यूब यायच्या आधीचा हा काळ. पुढे २००६ साली स्टेट युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्क या ६४ संस्थांच्या सरकारी विद्यापीठात याच कामासाठी एक केंद्र सुरू झाले. त्याचे नाव ‘कोलॅबोरेटिव्ह ऑनलाइन इंटरनॅशनल लर्निंग’, थोडक्यात ‘कॉइल’. आज मेक्सिकोपासून जपानपर्यंत आणि दक्षिण आफ्रिकेपासून नेदरलँड्सपर्यंत अनेक विद्यापीठांत हे नाव रुळले आहे.

कल्पना साधी आहे. दोन देशांतले दोन प्राध्यापक आपापल्या विषयात दोघांना सामाईक असा एक भाग निवडतात. चार ते आठ आठवडे दोन्ही वर्ग मिश्र गटांत मिळून काम करतात. त्यासाठी नवी पदवी लागत नाही, परदेशी प्रवेश लागत नाही, शुल्काची देवघेव होत नाही. प्रत्येक प्राध्यापक आपल्याच विद्यार्थ्यांना, आपल्याच विद्यापीठाच्या नियमांनी गुण देतो. सामाईक असते ते फक्त काम. पण ते काम असे रचलेले असते की पलीकडच्या माणसाशिवाय पूर्णच होऊ नये.

हा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर आकड्यांत आहे. युनेस्कोच्या अलीकडच्या आकडेवारीनुसार जगात २६ कोटींहून अधिक तरुण उच्च शिक्षण घेत आहेत. त्यांतले परदेशी शिकायला गेलेले सुमारे ६९ लाख, म्हणजे शंभरातले तीनसुद्धा नाहीत. युरोपने १९८७ मध्ये ‘एराझ्मस’ योजना सुरू केली तेव्हा पहिल्या वर्षी ११ देशांतून ३,२४४ विद्यार्थी परदेशी गेले. पुढे ही योजना प्रचंड वाढली, तरी युरोपातले बहुसंख्य विद्यार्थी आजही एकाच देशात शिकून बाहेर पडतात. उरलेल्या सत्त्याण्णवांचे काय, हा प्रश्न स्वीडनमधील माल्मो विद्यापीठाचे बेंग्ट निल्सन यांनी १९९९च्या सुमारास मांडला. त्यांनी त्याला दिलेले नाव ‘घरच्या घरी आंतरराष्ट्रीयीकरण’. भारताच्या २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही हेच शब्द आले आहेत.

पत्रापासून उपग्रहापर्यंत

वर्गाने वर्गाशी बोलावे ही कल्पना इंटरनेटहून जुनी आहे. फ्रान्सच्या दक्षिणेत बार-सुर-लू या गावी शिकवणाऱ्या सेलेस्तॅ फ्रेने यांनी १९२०च्या दशकात वर्गात छोटे छापयंत्र आणले. मुलांनी स्वतः लिहिलेला, स्वतः जुळवलेला मजकूर ते दूरच्या ब्रिटनी प्रांतातल्या शाळेला पाठवत आणि तिकडून तिथल्या मुलांचा मजकूर येई. आपले लिहिणे कोणीतरी अनोळखी मूल खरोखर वाचणार आहे, एवढ्या एका गोष्टीने लिहिण्याची इयत्ता बदलते, हे फ्रेने यांनी ओळखले होते.

विद्यापीठांच्या पातळीवर पहिली मोठी उडी पॅसिफिक महासागरात घेतली गेली. १९६६ साली नासाने ‘एटीएस-१’ हा उपग्रह सोडला. त्याचे मूळ काम आटोपल्यावर १९७१ मध्ये हवाई विद्यापीठाने त्याच्यावर ‘पीससॅट’ हा प्रयोग उभा केला. न्यूझीलंडमधील वेलिंग्टन पॉलिटेक्निक आणि फिजीतील युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ पॅसिफिक त्यात आले. साध्या, स्वस्तात बांधलेल्या अँटेनांवरून फक्त आवाज जाई. तरीही हजारो किलोमीटर समुद्राने तुटलेल्या बेटांवर प्राध्यापक आणि विद्यार्थी एकाच वेळी बोलू शकत होते, आणि कोणीही मध्येच प्रश्न विचारू शकत होता. साउथ पॅसिफिक विद्यापीठ १२ देशांच्या मालकीचे आहे. तिथे दूरच्या वर्गांना जोडणे ही विद्यापीठ चालण्याचीच अट होती.

१९८८ मध्ये, शीतयुद्ध अजून संपायचे होते तेव्हा, न्यूयॉर्क आणि मॉस्कोच्या शाळा संगणकाने जोडल्या गेल्या. त्यातून पुढे ‘आयअर्न’ हे जागतिक जाळे उभे राहिले. भारतातले त्याचे काम पुण्यातून चालत आले आहे. नव्वदच्या दशकात ई-मेल विद्यापीठांत पोहोचला आणि जर्मनीतील बोखुम विद्यापीठातून भाषा शिकणाऱ्यांच्या जोड्या लावल्या जाऊ लागल्या. स्पॅनिश शिकणारा जर्मन आणि जर्मन शिकणारा स्पॅनिश, निम्मे पत्र एका भाषेत, निम्मे दुसऱ्या. ब्राझीलच्या साओ पाउलो राज्य विद्यापीठाने २००६ मध्ये ‘टेलेटँडेम’ या नावाने हीच जोडी पडद्यावर समोरासमोर आणली. तिथेही ठराविक वेळ पोर्तुगीज, तेवढाच वेळ दुसरी भाषा, हा नियम पाळला जातो.

या निम्मे-निम्मे नियमात सगळ्या क्षेत्राचा गाभा आहे. तो पाळला गेला तिथे वर्ग जोडले गेले. तो सुटला तिथे उरले ते प्रक्षेपण.

एकच नाव, अनेक घडणी

१९९७ साली एमआयटीतील फ्रेंच भाषेच्या प्राध्यापक जिल्बेर्त फुर्स्टेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘कुल्तुरा’ हा प्रकल्प सुरू केला. त्याची पद्धत आजही अभ्यासण्यासारखी आहे. अमेरिकेतील आणि फ्रान्समधील विद्यार्थी एकच प्रश्नावली भरतात: काही शब्दांना सुचणारे शब्द लिहायचे, काही अर्धी वाक्ये पुरी करायची, काही प्रसंगांत तुम्ही काय कराल ते सांगायचे. उदाहरणार्थ, दुकानात एखादी आई मुलाला चापट मारते, तुम्ही काय कराल? मग दोन्हीकडची उत्तरे शेजारी शेजारी मांडली जातात आणि चर्चा सुरू होते. व्यक्तिवादाबद्दल अमेरिकी मुलांनी स्वातंत्र्य आणि स्वावलंबन लिहिले; फ्रेंच मुलांनी त्याच ठिकाणी स्वार्थ आणि एकटेपणा लिहिला. कोणत्याही पाठ्यपुस्तकाने सांगितले असते तर ते विधान राहिले असते. इथे ते आपल्याच वयाच्या मुलांकडून आले, म्हणून प्रश्न झाले. विशेष म्हणजे चर्चा करताना प्रत्येकाने आपल्या मातृभाषेत लिहायचे. अडखळत बोलण्याचा भार कोणा एकावर पडत नाही आणि वाचणाऱ्याला अस्सल भाषा मिळते.

व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांसाठीचा ‘एक्स-कल्चर’ हा प्रकल्प याच्या दुसऱ्या टोकाला आहे. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या ग्रीन्सबरो येथील संकुलात वासिल तारस यांनी तो २०१० मध्ये सुरू केला. इथे दोनच वर्ग नसतात. डझनावारी देशांतले हजारो विद्यार्थी दर सत्रात छोट्या गटांत विभागले जातात आणि एखाद्या खऱ्या कंपनीचा परदेशी बाजारपेठेचा प्रश्न सोडवतात. गटात सहा जण असतील तर बहुधा सहा देशांचे. दर आठवड्याला प्रत्येकजण सोबत्यांच्या कामाचे मूल्यमापन करतो. जो सतत काम टाळतो त्याला गटाबाहेर काढले जाते. नोकरीत ज्या अडचणी येतात, त्या इथे गुणांसकट येतात.

‘सोलिया’ या संस्थेची घडण आणखी वेगळी. ती २००३ मध्ये, ११ सप्टेंबरचा हल्ला आणि इराक युद्धाच्या छायेत, स्थापन झाली. अमेरिका-युरोपातील आणि अरब व मुस्लिम देशांतील विद्यार्थ्यांचे आठ-दहा जणांचे गट दर आठवड्याला व्हिडिओवर भेटतात. प्रशिक्षित सूत्रसंचालक सोबत असतो. इथे कोणतीही वस्तू तयार करायची नसते. धर्म, स्त्रियांचे हक्क, पॅलेस्टाइन, परराष्ट्र धोरण यांवर बोलायचे आणि न तुटता बोलत राहायचे, हेच काम. २०१२ मध्ये लिबियातील बेनगाझी येथे अमेरिकी राजदूत ख्रिस्तोफर स्टीव्हन्स मारले गेले. त्यांच्या स्मरणार्थ २०१५ मध्ये ‘स्टीव्हन्स इनिशिएटिव्ह’ सुरू झाला आणि अशा कामांना अमेरिकी सरकारसह इतरांचा पैसा मिळू लागला. युरोपीय आयोगानेही २०१८ ते २०२० या काळात १८ ते ३० वयोगटासाठी, युरोप आणि भूमध्य समुद्राच्या दक्षिणेकडील देशांना जोडणारा प्रायोगिक कार्यक्रम चालवला.

सरकारांनी आपापल्या गरजेप्रमाणे ही कल्पना उचलली. जपानच्या शिक्षण मंत्रालयाने २०१८ मध्ये अमेरिकेबरोबरच्या विद्यापीठीय देवघेवीसाठी कॉइल पद्धतच मुख्य साधन ठरवली. ओसाकाचे कान्साई विद्यापीठ त्यात अग्रभागी आहे. युरोपने २०२१ नंतरच्या एराझ्मसमध्ये मधला मार्ग काढला. किमान तीन देशांतल्या संस्था, आधी किंवा नंतर ऑनलाइन एकत्र काम आणि त्याला जोडून ५ ते ३० दिवसांचा प्रत्यक्ष सहवास. घर, नोकरी किंवा आजारी पालक सोडून सहा महिने जाऊ न शकणाऱ्या विद्यार्थ्यालाही आठवडाभर जाता येते.

घड्याळ, गुणपत्रिका आणि कॅमेरा

या प्रयोगांच्या यशोगाथा पुष्कळ छापल्या जातात. क्षेत्रातल्या उत्तम संशोधनाने मात्र सुरुवातीपासून अपयशांकडे नीट पाहिले. रॉबर्ट ओडाउड आणि मार्कुस रिटर यांनी २००६ मध्ये तर फसलेल्या संवादांवरच सविस्तर लेख लिहिला. त्यांच्यासारख्या अभ्यासकांमुळे आज कारणे बरीच स्पष्ट आहेत, आणि त्यांतली बहुतेक अगदी जमिनीवरची आहेत.

पहिले घड्याळ. मुंबईत संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात सकाळचे साडेआठ आणि हिवाळ्यात साडेसात असतात. अमेरिकेतील घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे सरकतात, युरोपातली शेवटच्या रविवारी. त्या मधल्या दोन-तीन आठवड्यांत जुळवून ठेवलेली प्रत्येक भेट तासाने चुकते. मग कॅलेंडर. अमेरिकेचे सत्र ऑगस्टच्या अखेरीस सुरू होऊन डिसेंबरमध्ये संपते, जर्मनीचे ऑक्टोबरच्या मध्यावर उघडते. जपानचे वर्ष एप्रिलमध्ये आणि दक्षिण आफ्रिकेचे फेब्रुवारीत सुरू होते. दोन वर्गांना खऱ्या अर्थाने मिळणारा सामाईक काळ कित्येकदा सहा-सात आठवड्यांवर येतो. कॉइलची मुदत चार ते आठ आठवडे असण्यामागे शिक्षणशास्त्राइतकेच हे कॅलेंडरही आहे.

दुसरी गोष्ट गुणांची. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठ आणि जर्मनीतील गीसन विद्यापीठ यांच्या ई-मेल देवाणघेवाणीचा ज्युली बेल्झ यांनी केलेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकी मुलांना प्रत्येक पत्राचे गुण होते, जर्मन मुलांसाठी गुणांची व्यवस्था निराळी होती. तेव्हा जर्मनीत अनेकांच्या घरी संगणक नव्हता आणि फोनच्या तारेवरून इंटरनेट वापरायचे तर मिनिटांचे पैसे पडत. त्यामुळे तिकडून पत्रे कमी आणि उशिरा येत. अमेरिकी मुलांनी त्याचा अर्थ लावला: यांना आपल्यात रस नाही. संस्थांच्या नियमांतला फरक माणसांच्या स्वभावाच्या खात्यावर मांडला गेला. असे गैरसमज प्राध्यापकाने वेळीच हेरून वर्गातच उघडून दाखवले तर त्यांच्यातून सर्वात जास्त शिकता येते. तसे न केल्यास विद्यार्थी आधीच्यापेक्षा पक्के पूर्वग्रह घेऊन बाहेर पडतो.

तिसरा कॅमेरा. बर्कलेचे विद्यार्थी आणि फ्रान्समधील ल्यों येथील भावी शिक्षक यांच्या व्हिडिओ भेटींवर रिचर्ड कर्न यांनी लिहिले आहे. पडद्यावर समोरच्याच्या डोळ्यांत पाहावे तर आपली नजर कॅमेऱ्यावरून ढळते. कॅमेऱ्यात पाहावे तर समोरचा दिसत नाही. नजरानजर होत असल्याचा भास होतो, ती प्रत्यक्षात होत नाही. त्यात आवाज अर्ध्या सेकंदाने मागे पडला की साधी शांतता संकोचासारखी किंवा नाराजीसारखी वाटू लागते.

याहून अवघड अडचण गोडव्याची आहे. विद्यार्थी पहिल्या भेटीत संगीत, वेबमालिका आणि जेवण यांवर बोलतात, ‘आपण किती सारखे आहोत’ असे म्हणतात आणि तिथेच थांबतात. संशोधक याला साम्याचा आभास म्हणतात. भांडण नको म्हणून दोन्ही बाजू वादाचे विषय टाळतात. देवाणघेवाण आनंदात संपते आणि फारसे काही शिकले जात नाही.

यावरचा इलाज कामाच्या रचनेत आहे. ओडाउड आणि पेज वेअर यांनी २००९ मध्ये कामांचे तीन टप्पे मांडले: आधी माहितीची देवघेव, मग तुलना आणि विश्लेषण, शेवटी एकत्र निर्मिती. बरेच अभ्यासक्रम पहिल्या टप्प्यातच अडकतात. तिसऱ्यापर्यंत जायचे तर मिळून निर्णय घ्यावे लागतात: अहवालात कोणता आकडा घ्यायचा, लघुपटाचा शेवट काय ठेवायचा, मुलाखतीतला कोणता भाग गाळायचा. तिथे मतभेद उघडे पडतात आणि ते मिटवल्याशिवाय काम हातावेगळे होत नाही.

कोण कोणाचे ऐकते

वर्ग जोडणे ही तंत्रज्ञानाइतकीच सत्तेची गोष्ट आहे. या संदर्भात एमआयटीतील एमिल ब्रुनो आणि रिबेका सॅक्स यांचा २०१२ मधील अभ्यास महत्त्वाचा आहे. अॅरिझोनातील मेक्सिकन स्थलांतरित व गोरे अमेरिकन, तसेच पॅलेस्टिनी व इस्रायली, अशा जोड्यांत त्यांनी ऑनलाइन संवाद घडवले. एकाने आपल्या समाजाची अडचण सांगायची, दुसऱ्याने ती आपल्या शब्दांत परत मांडायची. बलवान समाजातल्या माणसाचा दृष्टिकोन ऐकल्याने सुधारला. दुर्बळ समाजातल्या माणसाचा मात्र आपले म्हणणे ऐकले गेल्यामुळे सुधारला. ‘एकमेकांना समजून घ्या’ एवढी सूचना दोघांना सारखीच दिली, तर एका बाजूचा फायदा होतो आणि दुसरीला पुन्हा ऐकूनच घ्यावे लागते.

हे भान दक्षिण आफ्रिकेत स्पष्टपणे दिसले. २०१९ मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ द फ्री स्टेटच्या पुढाकाराने ‘आयकुडू’ प्रकल्प सुरू झाला: पाच दक्षिण आफ्रिकी आणि पाच युरोपीय विद्यापीठे. अभ्यासक्रम आफ्रिकेच्या अनुभवातून घडवणे हा त्याचा घोषित हेतू होता. युरोपचा अभ्यासक्रम आफ्रिकेत नेणे त्यात बसत नव्हते. अडचणीही तिथल्याच होत्या. भारनियमनात वीज जात असे. मोबाइल डेटा इतका महाग की २०१६ मध्ये त्याविरुद्ध देशभर मोहीम उभी राहिली होती. अशा ठिकाणी सतत व्हिडिओवर भेटायचे ठरवले तर निम्मा वर्ग गळतो. त्यामुळे ध्वनिसंदेश, छोटे मजकूर, सवडीने पाहता येणारे काम यांना अशा अभ्यासक्रमांत महत्त्व येते. कमी जोडणी असलेल्या वर्गाला झेपेल असे काम रचले तर दुसऱ्याचे काहीच बिघडत नाही. उलट केले तर एक वर्ग कायम पाहुणा राहतो.

भारताचा स्वतःचा अनुभव इथे ताडून पाहण्यासारखा आहे. राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी २००४ मध्ये आफ्रिकी देशांना भारतीय विद्यापीठे व रुग्णालयांशी जोडण्याचा प्रस्ताव मांडला. २००९ मध्ये त्यातून ‘पॅन-आफ्रिकन ई-नेटवर्क’ सुरू झाले. आफ्रिकेतील चाळीसहून अधिक देश उपग्रह आणि केबलने त्यात आले. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठासह भारतीय विद्यापीठांचे वर्ग तिथे पोहोचले. २०१९ पासून ‘ई-विद्याभारती’ने पाच वर्षांत १५,००० शिष्यवृत्त्यांचे लक्ष्य ठेवून तेच काम इंटरनेटवर नेले. हे काम मोठे आणि उदार आहे, पदवी घेऊन नोकरीला लागलेल्यांसाठी तर मोलाचे आहे. पण त्याची दिशा एकच: भारतातून आफ्रिकेकडे. नैरोबीच्या विद्यार्थ्याला पुण्याचा प्राध्यापक ऐकू येऊ शकतो. पुण्याच्या विद्यार्थ्याला नैरोबीचा विद्यार्थी ऐकू यावा, अशी जागा त्या रचनेत नव्हती. २०१२ नंतर गाजलेल्या ‘मूक’, म्हणजे सर्वांसाठी खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचेही तेच. एका प्राध्यापकाचे व्याख्यान लाखोंनी पाहिले, लाखोंना आपसात काही करण्याची गरज पडली नाही.

राजकारणही आड येते. २०१४ च्या जानेवारीत अमेरिकी निर्बंधांमुळे ‘कोर्सेरा’ने इराण, क्युबा आणि सुदानमधील विद्यार्थ्यांचा प्रवेश थांबवला. याच्या उलट २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर ब्रिटनमधील शंभराहून अधिक संस्थांनी युक्रेनच्या विद्यापीठांशी जोड्या जुळवल्या. ग्रंथालये खुली झाली, सामाईक अध्यापन सुरू झाले. तळघरात आसरा घेऊन शिकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी दुसऱ्या देशातला वर्ग हा अभ्यासक्रम चालू राहण्याचा आधार होता.

फायदा किती

वर्ग जोडल्याने नेमके काय बदलते, याचे पुरावे हळूहळू जमत आहेत. स्पेनच्या लेओन विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली झालेला ‘इव्हॅल्युएट’ अभ्यास हा त्यांतल्या सर्वात मोठ्यांपैकी एक. शिक्षक होऊ घातलेल्या हजाराहून अधिक विद्यार्थ्यांच्या २५ देवाणघेवाणी त्यात तपासल्या गेल्या. ३४ संस्था सहभागी होत्या. तंत्रज्ञान वापरून शिकवण्याच्या कौशल्यात वाढ दिसली. गटात येणारे अडथळे ओलांडणे हाच मोठा धडा होता, असे विद्यार्थ्यांनी स्वतः नोंदवले. दुसऱ्या संस्कृतीविषयीची समज मोजणे अधिक अवघड आहे. प्रश्नावलीत ‘मी आता अधिक मोकळ्या मनाचा झालो’ असे लिहिणे सोपे असते. शिवाय अशा वर्गात स्वेच्छेने येणारा विद्यार्थी मुळातच उत्सुक असतो.

म्हणूनच हे काम ऐच्छिक उपक्रम न राहता नियमित विषयाचा भाग असणे महत्त्वाचे. जो कधी परदेशी जाणार नाही, ज्याला त्याची ओढही नाही, तो विद्यार्थी तेव्हाच वर्गात येतो. परदेशवारी आणि हे काम यांत एकाची निवड करण्याचे कारण नाही. परक्या गावात भाड्याची खोली शोधणे, आजारी पडणे, मित्र जोडणे हे पडद्यावर होत नाही. पण एखादा प्रश्न दोन देशांतून पाहणे पडद्यावर होते, आणि घरी राहूनच जास्त चांगले होते, कारण दोघेही आपापल्या ठिकाणी उभे राहून पुरावे गोळा करत असतात.

महाराष्ट्रातील वाट

भारतात उच्च शिक्षण घेणाऱ्यांची संख्या केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या पाहणीनुसार ४.३३ कोटी आहे. भारतात शिकणारे परदेशी विद्यार्थी त्याच पाहणीत ४६,८७८. परदेशी गेलेले भारतीय विद्यार्थी २०२४ मध्ये १३ लाखांहून अधिक. म्हणजे भारतातल्या बहुतेक वर्गांत परदेशी सहाध्यायी कधीच बसत नाही. ही दरी बुजवण्यासाठी परदेशी विद्यापीठांची संकुले आणण्यावर भर आहे. २०२५ मध्ये नवी मुंबईसाठी पाच परदेशी विद्यापीठांना इरादापत्रे दिली गेली. ती संकुले उभी राहिली तरी तिथे शुल्क भरू शकणारे विद्यार्थीच बसतील. लातूर, चंद्रपूर किंवा सावंतवाडीच्या कॉलेजातल्या मुलामुलींना त्यांचा थेट उपयोग थोडाच.

नियमांचा अडसर वाटतो तेवढा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२२ चे नियम संयुक्त आणि दुहेरी पदव्यांसाठी आहेत, आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांना त्यांत जागा नाही. पण सामाईक वर्गाला त्या नियमांतून जावेच लागत नाही, कारण त्यात पदवीची देवघेव नसते. खरी अडचण संलग्न महाविद्यालयांच्या रचनेत आहे. अभ्यासक्रम विद्यापीठाचे अभ्यास मंडळ ठरवते, प्रश्नपत्रिका बाहेरून येते, आणि शिकवणाऱ्याच्या हातात अंतर्गत मूल्यमापनाचे गुण तेवढे राहतात. ते गुण मात्र पुरेसे आहेत. एका विषयाचा अंतर्गत प्रकल्प परदेशातल्या वर्गाबरोबर करायला अभ्यास मंडळाची परवानगी लागू नये, एवढी एक ओळ नियमावलीत आली तरी शेकडो कॉलेजांना दार उघडेल. स्वायत्त महाविद्यालये तर हे आजही करू शकतात.

विषय शोधायला लांब जावे लागत नाही. मराठवाड्यातील आणि स्पेनच्या आंदालुसियातील दुष्काळ, कोकणातील आणि फिजीतील किनारा, मुंबईतील आणि साओ पाउलोतील झोपडपट्ट्यांचा पुनर्विकास, इचलकरंजीच्या यंत्रमागांचा आणि बांगलादेशातील कपड्याच्या कारखान्यांचा कामगार इतिहास: प्रत्येक ठिकाणी दोन्ही वर्गांकडे दुसऱ्याला हवी असलेली प्रत्यक्ष माहिती आहे. भाषेच्या वर्गात तर निम्मे-निम्मे नियम सहज बसेल. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजच्या पुण्यातील वर्गांत अमेरिकी विद्यार्थी अनेक वर्षे मराठी शिकत आले आहेत. ते मायदेशी परतल्यावर पुण्यातल्या किंवा नाशिकमधल्या विद्यार्थ्याशी आठवड्याला अर्धा तास मराठी आणि अर्धा तास इंग्रजी बोलले, तर त्या तासात मराठी ही शिकवण्याजोगी, मागणी असलेली भाषा म्हणून उभी राहील. ज्या मुलामुलींना इंग्रजीचा धाक वाटतो, त्यांच्यासाठी समोरचाही अडखळतो आहे हे पाहणे फार मोलाचे ठरेल.

हे सगळे अडते ते शिक्षकाच्या वेळापाशी. सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवावे असे आयोगाचा २०१८ चा नियम सांगतो. परदेशी सहकाऱ्याबरोबर महिनाभर आराखडा करणे, रात्री उशिरा जुळणी तपासणे, गटांतली भांडणे सोडवणे हे त्या १६ तासांत कुठेच मोजले जात नाही. पदोन्नतीच्या गुणतक्त्यात ‘मूक’ तयार करण्यासाठी स्वतंत्र गुण आहेत, सामाईक वर्गासाठी स्वतंत्र ओळ नाही. जगभर हे उपक्रम दोन उत्साही प्राध्यापकांच्या मैत्रीवर उभे राहतात आणि त्यांतल्या एकाची बदली झाली, रजा लागली किंवा दमछाक झाली की बंद पडतात. स्टेट युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्क, कान्साई किंवा फ्री स्टेट इथे ते टिकले, कारण जोडीदार शोधणारे, नव्या शिक्षकांना तयार करणारे आणि तांत्रिक मदत देणारे छोटे कायमस्वरूपी कार्यालय त्यांच्या मागे होते. आयोगाच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार विद्यापीठांत आंतरराष्ट्रीय कार्यालये उभी राहत आहेत. सध्या त्यांच्याकडे मुख्यतः परदेशी प्रवेश आणि सामंजस्य करार यांचे काम असते. त्यांतल्या प्रत्येकाने वर्षाला दहा शिक्षकांना जोडीदार मिळवून द्यायचे ठरवले आणि विद्यापीठाने त्या शिक्षकांचे आठवड्याचे दोन तास कार्यभारात धरले, तर इमारत न बांधता आणि व्हिसा न काढता पुढच्या जूनपासून सुरुवात होऊ शकते.